मागचा पडतो, पुढचा पडत नाही

बुरोंडीपासून केळशीपर्यंत, तुम्हाला सांगतो, नुसता आवाज ऐकून मशीनचा रोग सांगणारा माणूस एकच, श्रीपतीतात्या, म्हणजे मीच... आता मी सांगितलेला रोग त्या मशीनला असतोच असं नाही, ते सोडा, पण सांगतो तर खरं! चौथीतून मास्तरांनी घरी पाठवलेल्या माणसाकडून आणखी काय हवंय तुम्हाला? पण त्या शेजारच्या आनंदाच्या बोटीपायी माझी ती उरलीसुरली अब्रूही गेली. मागचा पडतो, पुढचा पडत नाही. गिअर हो! दांडा मागे ओढला की बोट गपगुमान मागे चालते, पुढे ढकलला की अर्ध्यावर अडतो, उंबऱ्यावर नाव घ्यायला अडवलेल्या नवरीसारखा.

दोन हजार तीन सालची नारळी पौर्णिमा आदल्या दिवशीच झालेली. दर्याला नारळ देऊन झाला, पावसाळाभर पुळणीवर नारळाच्या झापांखाली झोपलेल्या बोटी जाग्या झाल्या, सकाळी सगळं बंदर मासळीला निघालं आणि आनंदा निघाला उलटा. म्हणजे खरोखरच उलटा. त्याने विचार केला, मागचा तर पडतोय, मग मागे मागेच जाऊ, खाडीबाहेर पडल्यावर पडेल पुढचा आपोआप... आता गिअर म्हणजे काय दुधाचा दात आहे आपोआप पडायला? पिछाडीवरून लाट आत, खलाशी ओलेचिंब, भाकऱ्यांचं गाठोडं तरंगतंय, आणि धक्क्यावरनं कोण तरी विचारतो, "आनंदा, दर्याला पाठ दाखवून कुठं चाललास रे?" एरवी आनंदाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी खाली मान घालून गप्प. का गप्प? तिथंच तर गोम आहे.

आनंदाला पाठची बहीण एकच, शकू, केळशीला दिलेली. त्यांच्या घरात बापापासूनची रीत अशी, की हंगामातली पहिली सुरमई माहेरवाशिणीची. बाप होता तोवर तो स्वतः सुरमईची टोपली मांडीवर घेऊन एसटीने केळशीला जायचा, सगळी गाडी नाकाला पदर लावायची, कंडक्टर म्हणायचा, "अहो बाबा, टोपली टपावर टाका," आणि म्हातारा म्हणायचा, "लेकीचं टपावर टाकत नाय." म्हातारा गेला. आणि गेल्या वर्षी पहिली सुरमई लागली ती आनंदाने दिली मुरुडच्या हॉटेलवाल्याला, पुण्याचे पाव्हणे आले होते त्याच्याकडे. वर शकूला निरोप काय धाडला? "यंदा सुरमई लागलीच नाय." अरे, खोटं बोलायचं तर जरा आजूबाजूला बघून तरी बोल! शकूचा दीर त्याच हॉटेलात भाजी टाकायला जातो. त्याने ती सुरमई शेपटीपासून डोक्यापर्यंत बघितली.

शकू भांडली नाही हो. भांडली असती तर प्रकरण मिटलं असतं. ती काहीच बोलली नाही, आणि तेव्हापासून आनंदाच्या घशात जो काटा अडकला तो अडकलाच. वर्षभर केळशीची एसटी दिसली तरी हा रस्ता बदलायचा.

मग ही पौर्णिमा. म्हणजे राखी. सकाळच्या गाडीने शकू हजर. आनंदाने तिला लांबूनच बघितलं आणि या वयात, तुम्हाला सांगतो, मधल्या दगडी गडग्यावरनं जी उडी मारली ती थेट माझ्या पडवीत, माझ्या जाळ्यांच्या ढिगामागे! तिकडे त्याची बायको जनी दारात उभी राहून सांगतेय, "हे ना, दाभोळला गेलेत, डिझेल आणायला." आणि शकूचा शांत आवाज, "डिझेलचा कॅन तर इथंच आहे, वहिनी." जनी म्हणते, "हा... हा दुसरा." मी पडवीत तोंडात धोतर कोंबून बसलोय. आनंदाला म्हटलं, "सुकटीच्या पोत्यात बसतोस का? तिथं वासावरनं कोणी ओळखणार नाही." तो हसला नाही. जाळ्याच्या भोकांतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते, बाजारात मांडलेल्या बोंबलासारखे. दुपारपर्यंत शकूने वाट बघितली, मग एकटीच पुळणीवर गेली, बापाच्या बोटीला हळदकुंकू लावलं आणि दोनच्या गाडीने परत गेली.

आणि दुसऱ्या दिवशी मागचा पडतो, पुढचा पडत नाही.

बोट दोरी लावून ओढत परत आणली. मला बोलावलं. मी मशीनला कान लावला, डोळे मिटले, उगाच तीनदा मान हलवली आणि म्हटलं, "मशीनला काही झालेलं नाही. बोट रुसलीय. घरातल्या कोणाचं मन दुखावलंयस काय रे?" थट्टा होती हो! पण आनंदाचा चेहरा जो उतरला, की मला वाटलं आता यालाच दोरी लावून ओढत न्यावं लागणार. मशीनपाशी फतकल घालून बसला आणि म्हणाला, "तात्या, बाबाने दांडा धरून ठेवलाय." घ्या! म्हातारा जिवंतपणी एक बादली धरायचा नाही, तो मेल्यावर दांडा कशाला धरेल?

पण सुरू झाले उपाय. ऑइल बदललं. मागचा पडतो, पुढचा पडत नाही. दांड्याला ग्रीस चोपडलं, इतकं की दांडा हातात राहीना, पण पुढचा पडेना. लिंबूमिरची बांधली. शेजारपाजारच्या बोटी सुरमई-पापलेट घेऊन येतायत, आणि आनंदाच्या घरी जनी रोज कुळथाची पिठी वाढतेय. वाढतेय आणि म्हणतेय, "मी नणंदेशी तुमच्यासाठी खोटं बोलले. आता मला तोंडातला घाससुद्धा गोड लागत नाय." आनंदा पिठीत बघत बसायचा, जसं काही पिठीच्या तळाशी सुरमई निघणार आहे.

शेवटी दापोलीहून महिपत मेकॅनिक आणला. हा रिक्षा दुरुस्त करणारा मेकॅनिक, पण बोलणं असं की आगबोटी यानेच बांधल्या. "तात्या, तुम्ही बाजूला व्हा, हे टेक्निकल आहे." झालो बाजूला. त्याने गिअरबॉक्सपासून दांडा सोडवला, बॉक्सचा खटका हाताने पुढे-मागे केला. खट... खट. दोन्ही पडले! "बॉक्स ठणठणीत आहे. रोग वरती, दांड्यात," म्हणाला आणि चहाला गेला तो गेलाच.

मग आनंदानेच दांड्याखालची लाकडी पेटी उघडली. खाचेत हात घातला. आणि थांबला... हात बाहेर येईना. मी म्हटलं, "विंचू?" त्याने हात बाहेर काढला. हातात राखी. ती नाही का तेव्हा मिळायची, बशीएवढी, खाली स्पंज, वर सोनेरी प्लास्टिकचं जाडं फूल? शकूने ती बोटीच्या दांड्याला बांधली होती. रात्रीच्या पावसाने दोरा सैल पडला, राखी घसरत खाली खाचेत गेली, आणि प्लास्टिकचं फूल दांड्याच्या पुढ्यात असं बसलं की मागचा पडतो, पुढचा पडत नाही.

दांडा पुढे ढकलला. खट. पडला. आणि एवढा मोठा बाप्या, चार खलाशांचा मालक, ग्रीसने माखलेली राखी मुठीत धरून दुसरीकडे तोंड करून नाक ओढतोय. मी आपला, तुम्हाला सांगतो, पेटीचं झाकण बसवत बसलो.

मग निघालेल्या पहिल्याच फेरीला सुरमई लागली, हातभर लांब. हॉटेलवाला धक्क्यावरच उभा. आनंदा त्याच्यासमोरनं टोपली घेऊन निघाला तो सरळ एसटीत, मला सोबतीला ओढून. कंडक्टर म्हणाला, "टोपली टपावर." आनंदाला बापासारखं बोलायला कुठलं जमतंय? नुसती टोपली आवळून बसला. केळशीपर्यंत ओठ हलत होते, म्हटलं माफी पाठ करतोय.

शकू अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपावरनं तिने एकदा टोपलीकडे बघितलं, एकदा भावाकडे. आणि हा गाढव, पाठ केलेलं सगळं विसरून, खिशातनं ती राखी काढून म्हणतो काय,

"शकू, बोटीला कशाला गो बांधलीस? पुढचा गिअर पडेना, चार दिवस बोट जागची हलली नाय!"

शकूने सूप खाली ठेवलं.

"बापाची बोट आहे ती, दादा," ती म्हणाली. "मला मागे टाकून पुढे जायला ती काय तू आहेस?"