दोन्हीकडून तिसरा

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुम्ही आमची शाळा बुडवलीत!’ अहो, शाळा? कुठली शाळा? मी चौथीत गचकलो, बापानं कान धरून दुकानात आणलं, शिलाईच्या मशीनसमोर बसवलं, तो अजून उठलेलो नाही! जो माणूस हायस्कुलाची पायरी फक्त पोरांची मापं घ्यायला चढला, तो हायस्कूल बुडवणार कसं? आणि एक नाही, दोन! एका दुपारी! तुम्हाला सांगतो, माझा काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा चिडका दिसतोय. आहेच. तुमच्यावर ही वेळ आली असती तर तुम्ही काय गाणी म्हटली असती?

झालं काय, आमच्या गावात दोन हायस्कुलं. एक चढावर, ती वरची शाळा, एक पुलापाशी, ती खालची. दोघींचं एकमेकींशी जन्माचं वाकडं. कशावरून, ते आता कुणालाच आठवत नाही, पण वाकडं आहे ते आहे. दोन्हींचे गणवेश मीच शिवायचो. वरच्यांची चड्डी निळी, खालच्यांची तपकिरी. तीच कातर, तेच मशीन, तोच मी, पण मापाला आलेली पोरं शेजारी शेजारी उभी राहायची नाहीत, मधे खुर्ची ठेवायला लागायची! बरं, पोरंच ती, मोठी झाली की सुधारतील म्हटलं. कुठलं काय! मोठी झाली, नोकऱ्या झाल्या, केस गेले, दात गेले, वाकडं काही गेलं नाही.

त्यातला वरच्या शाळेचा पुढारी कोण? माझा मेहुणा. बायकोचा सख्खा भाऊ! आणि खालच्या शाळेचा? माझे व्याही. मुलीचे सासरे! म्हणजे बघा, अख्ख्या गावात सोयरीक करायला मला हीच दोन घरं सापडली. दोघांनी सत्तरी ओलांडली, पण भेटले की लगेच, ‘तुमच्या शाळेत बाकं तरी होती का हो?’ ‘आमच्यात बाकं होती, तुमच्यात बुद्धी होती का?’ हे माझ्या मुलीच्या लग्नात! मांडवात! मुलगी बिचारी हार घेऊन ताटकळलेली...

तर या दोन्ही शाळांच्या जुन्या पोरांचा, पोरं म्हणायची आपली, दर वर्षी एक सामना असतो. आधी फुटबॉल खेळायचे. मग गुडघे गेले, म्हणून व्हॉलीबॉल. मग खांदे गेले, म्हणून कॅरम. कॅरममध्ये एकानं सोंगटी खिशात घातली असा आरोप झाला, बोर्ड उलटला. मग बुद्धिबळ काढलं, तर व्याही चाल सुचेना म्हणून विचार करता करता घोरायला लागले, आणि मेहुणा म्हणतो, ‘झोपला तो हरला!’ त्यावरून पुन्हा वर्षभर अबोला. आता राहिलं काय? बसून, दम न लागता, पण एकमेकांना चोपता आलं पाहिजे, असा खेळ हवा होता यांना.

आणि तो निघाला नेमका माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून!

माझ्या शेजारी एक गेमचं दुकान आहे. ती मोठी मोठी कपाटासारखी यंत्रं, पुढे काच, खाली दांडा आणि बटणं. चालवणारी एक तरुण बाई आहे, तिला सगळे गेमवालीच म्हणतात. तिच्या स्टुलांची फाटलेली कव्हरं मी शिवून देतो, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला म्हणते, ‘काका, बसा, खेळा.’ तिथे एक खेळ आहे, त्यात हायस्कुलाहायस्कुलांचीच मारामारी! या शाळेची टोळी, त्या शाळेची टोळी. एक पोरगी फरशी पुसायचा दांडा फिरवते, एक पोरगा बँडचा ढोल समोरच्याच्या डोक्यात घालतो, आणि एक मास्तर आहे, तो आधी चष्मा काढतो, घडी घालतो, खिशात ठेवतो, आणि मग लाथ मारतो! शिस्तीचा माणूस. मला आवडतो. आणि त्यात एक गंमत अशी की दोन बटणं एकदम दाबली ना, की तुमच्या शाळेचा दोस्त कुठून तरी धावत येतो, समोरच्याला एक ठेवून देतो आणि परत जातो. हाक मारली की येतो! तुम्हाला सांगतो, कधी कधी मी मारामारी सोडून नुसती ती दोन बटणंच दाबत बसायचो.

हे मेहुण्यानं बघितलं. व्याहींनीही बघितलं. झालं! ठरलं! या वर्षीचा सामना या यंत्रावर. तीन तीन माणसांची टीम, तीन डाव, जो दोन जिंकेल त्याची शाळा मोठी. पण गंमत बघा, दोन्हीकडे तिसरा भिडूच नाही! वरच्यांच्या तिसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, खालच्यांचा तिसरा मुलाकडे राहायला गेलेला. आणि हे यंत्र गावातल्या म्हाताऱ्यांत येतं कुणाला? एकालाच! सांगा ना, माझा काय संबंध?

मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला टाचण्या लावत होतो. टाचण्या कुठे असतात शिंप्याच्या? तोंडात! ओठांत चांगल्या मूठभर. मेहुणा आला. ‘दाजी, तुम्ही आमच्याकडून. आता शाळेचे नाही तर नाही, घरचे तर आहात!’ मी बोलणार कसं? तोंड उघडलं तर टाचण्या गिऱ्हाइकाच्या मानेत! मी म्हटलं, ‘उं’. म्हणजे थांब, नंतर बघू. तो म्हणाला, ‘ठरलं!’ आणि गेला. त्याच्या मागोमाग, कोटाची दुसरी बाही व्हायची होती, तोवर व्याही! ‘व्याहीबुवा, तुम्ही आमच्याकडून खेळणार.’ मी पुन्हा, ‘उं’! आणि मान हलवली, म्हणजे अहो, गोंधळ झालाय असं सांगायला... ‘छान,’ म्हणाले, पाठ थोपटली, एक टाचणी जिभेला लागली. जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, ‘रविवारी आणतो हं मी पोरीला. तेवढं आपलं... आमच्याकडून.’

हे ‘तेवढं आपलं’ काय आहे, ते तुम्हाला कळायचं नाही. माझी मुलगी गावाच्या पार त्या टोकाला राहते. जावई फिरतीवर. कडेवर दीड वर्षाची नात, वर तिची दुधाची बाटली, कपडे, पिशव्या, आणि दोन बस बदलायच्या. एकटी कशी येणार? दर रविवारी व्याही आपल्या गाडीनं दोघींना आणून सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात. ती नात आली की माझ्या मशीनचं चाक हातानं फिरवते, दोऱ्याची सगळी रिळं जमिनीवर ओतते, आणि मी ओरडत नाही. मी! गिऱ्हाइकानं बटणाला हात लावला तर खेकसणारा मी! बाकी सहा दिवस माझे, खरं सांगू का, नुसते शिलाईत जातात. दिवस असा एकच.

घरी आलो, बायकोला सांगितलं, म्हटलं, घोटाळा झालाय, तुझ्या भावाला नाही म्हणून सांगतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘सांगा ना. सांगा. माझ्या भावाचं नाक कापा. मग रविवारी नातीला पेज तुम्हीच भरवा, मी जाते भावाकडे.’ म्हणजे नात आली तर बायको नाही, आणि बायको खूश तर नात नाही! रात्रभर... नको, ते जाऊ दे. नुसता त्रास.

मग मी एक हिशेब केला. अडाणी माणसाचा हिशेब. तिसरा खेळतो तिसऱ्या डावाला. पहिले दोन्ही डाव एकाच शाळेनं मारले, तर तिसरा डाव होतोच कुठे? कुणीही जिंका बाबांनो, पण सलग जिंका! कुणाला कळायचंही नाही की मी दोन्हीकडे होतो.

सामन्याच्या दुपारी गेमवालीच्या दुकानात ही गर्दी! सगळी टकली आणि पांढरी डोकी, काठ्या, कानातली यंत्रं, शिट्ट्या! मी दाराशी, मोजपट्टी गळ्यात, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभा. पहिला डाव. मेहुण्यानं खालच्यांच्या पोस्टमनला लोळवला. वरच्यांनी आरोळी ठोकली. मी म्हटलं, वा, चल, आता दुसराही मार! दुसऱ्या डावाला व्याही बसले, समोर वरच्यांचा दातांचा डॉक्टर. मी मनात डॉक्टरला सांगतोय, उपट रे, उपट! आणि डॉक्टरसाहेब काय करतात? चष्मा पुसायला थांबतात! यंत्रातला मास्तर चष्मा काढून लाथ मारतो, हा चष्मा काढून लाथ खातो! व्याही जिंकले. एक-एक!

‘तिसरा!’ गेमवाली ओरडली. ‘वरून कोण?’

‘हे!’ मेहुण्यानं माझा उजवा हात धरला.

‘खालून?’

‘हे!’ व्याहींनी डावा धरला.

मग जे सुरू झालं... ‘दाजी, तुम्ही हो म्हणालात!’ ‘व्याही, शब्द दिलात!’ ‘अहो, टाचण्या होत्या तोंडात!’ ‘म्हणजे टाचण्या तोंडात घेऊन शब्द देता?’ दोघं दोन्ही हात ओढतायत, माझा सदरा काखेत उसवला. माझा! शिंप्याचा! तेवढ्यात गेमवाली म्हणाली, ‘ओ काका, मला पुढची गिऱ्हाइकं आहेत. दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा मधे आणि खेळा दोन्हीकडून.’ आणि त्या सगळ्या शहाण्या, शिकलेल्या माणसांना ते पटलं! मॅट्रिक झालेली माणसं हो!

बसलो. उजवा हात वरच्या शाळेचा, डावा खालच्या शाळेचा. इकडून मीच, आणि विरुद्ध मीच. एकच विचार, बरोबरीत सोडवायचं. कुणी हरायचं नाही, रविवार वाचला पाहिजे. वरच्यांच्या निळ्याला एक मारली, लगेच खालच्यांच्या तपकिऱ्याला एक. निळ्याचं थोडं कमी झालं, मग तपकिऱ्याला आणखी एक. जास्त लागली! मग निळ्याला भरपाईची. तुम्ही कधी पॅंटचे पाय सारखे करायला गेलाय? डावा थोडा कापला, उजवा लांब दिसतो, उजवा कापला, डावा लांब, शेवटी माणसाच्या हातात चड्डी येते! तसं चाललेलं माझं. दोघांचा जीव सुईच्या टोकाएवढा उरला, घड्याळ संपत आलं, अगदी सारखं, अगदी सारखं... आणि मागून मेहुण्याला धीर धरवेना! वाकला आणि त्यानं दोन बटणं एकदम दाबली. त्याचा दोस्त आला धावत. ते बघून व्याहींनी इकडची दोन दाबली. यांचाही आला! दोन्ही दोस्तांनी एकाच वेळी ठेवून दिली, आणि दोन्ही पोरं एकदम आडवी!

मी म्हटलं, सुटलो. बरोबरी!

कसली बरोबरी? ते यंत्र! त्याला नाती कळतात का? काचेवर लाल अक्षरं आली. मला इंग्रजी येत नाही, गेमवालीनं वाचून दाखवलं: ‘दोघंही हरले. खेळ खलास.’

दोन्ही शाळा हरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एकदम, दोन्ही! आणि मग त्या सगळ्या माना हळूहळू वळल्या. कुणाकडे? ‘चौथी नापास माणसाच्या हातात शाळेची अब्रू दिली, अजून काय होणार!’ हे कोण म्हणालं? मेहुणा. ‘अगदी बरोबर बोललात,’ हे कोण म्हणालं? व्याही! मेहुण्याला! पन्नास वर्षांत पहिल्यांदा! बटणं दाबली कुणी? त्यांनी! हरलं कोण? तेच! आणि माझा काय संबंध?

रविवारी सकाळपासून खिडकीत. बायको तोंड फिरवून बसलेली. दहा वाजले, गाडी नाही. अकरा, गाडी नाही. मी मशीन पुसलं, रिळं लावली, पुन्हा पुसलं... आणि गाडी आली! मागून मुलगी उतरली, कडेवर नात. आणि पुढे व्याहींच्या शेजारी कोण? मेहुणा! हसतोय! दोघं हसतायत! व्याहींनी काच खाली केली. ‘व्याहीबुवा, ठरलंय. यापुढे दोन्ही शाळांची मिळून एकच टीम.’ म्हटलं, ‘छान झालं.’ ‘पण समोर कुणीतरी लागणार ना? समोर तुम्ही! न शिकलेल्यांची टीम काढा. आणखी दोन माणसं बघा.’ मी विचारलं, ‘आणि नाही मिळाली तर?’ व्याहींनी नातीकडे बघितलं, मग गाडीच्या चाकाकडे. म्हणाले, ‘पेट्रोल फार महाग झालंय हो हल्ली.’

तेव्हापासून हिंडतोय. भाजीवाला म्हणतो, मी बारावी. रद्दीवाला म्हणतो, मी बी. ए. माझ्याबरोबर चौथीत गचकलेला एक दोस्त होता, त्याच्याकडे गेलो, तर तो खालच्या शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष निघाला! म्हणाला, ‘हळू बोल, बाहेर मुख्याध्यापक बसलेत.’ तुमच्यात आहे का हो कुणी? चौथी नापास? लाजू नका, हात वर करा... ते मागचे काका? नाही, डोकं खाजवताय होय... शेवटी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘मी सातवी पास आहे.’ इतकी वर्षं संसार केला या बाईनं, कधी बोलली नव्हती!

मग काल नातीचं नाव देऊन टाकलं. तिनं अजून शाळेचं तोंड बघितलेलं नाही, म्हणजे नियमात बसते. मेहुणा कुरकुरला, पण व्याहींना नाही म्हणता येईना. आणि भिडू म्हटला की सराव आला. सरावाला तिला दर रविवारी आणायला नको? व्याही स्वतः गाडी हाकत आणतील, पेट्रोल घालून. तिसरा भिडू अजून नाहीच. आणि हरणार तर आम्ही आहोतच, त्यात वाद नाही... कारण ती बटणं दाबत नाही हो, चाटते.