विश्राम तारीची बिनशिडीची बोट

सरका, सरका मंडळी, पुढे सरका! मागून येणाऱ्यांना जागा द्या. आणि ते खांबाला टेकलेले काका — ताठ बसा जरा. खांब पडत नाही हो, मी बघतो त्याच्याकडे!

हं. पेटी तयार? तबला तयार? आमचे आप्पा पेटीवर आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही. वर्ष झालं! गेल्या उत्सवात दोन पदांच्या मध्ये त्यांनी माझी गाण्याची पट्टी खाली उतरवली — मला न विचारता! पांढरी चारवरून थेट काळी दोन! तबलावाले पण त्यांना सामील! भर सभेत! असो. देवाच्या दारात राग नको. मी रागावलेलो नाही. फक्त बोलत नाही.

तर मंडळी, ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. माणूस पडतो. पडतो की नाही? वाटेत पडतो, बोलण्यात पडतो, घरच्यांच्या नजरेतून पडतो. ते चालायचंच. पण पडल्यावर त्याला वर यायची सोय कुणी करायची? जो पाण्यात आहे त्यानं, की जो वर गादीवर बसलाय त्यानं?

आत्ता उत्तर देऊ नका. तुम्ही घाईत उत्तर द्याल आणि मग घरी जाऊन निस्तरत बसाल. आधी गोष्ट ऐका.

दक्षिण कोकणात आडबंदर नावाचं गाव. खाडीच्या काठावर खाडेश्वराचं देऊळ, देवळाखाली जेटी, आणि जेटीला बांधलेल्या सात जेट बोटी. आता जेट बोट म्हणजे काय ते मागच्या आज्यांना सांगतो. तिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं — सुसाट पळते! पाहुणे येतात, केकाटतात, भिजतात, वर खूश होऊन जातात.

पण या बोटीचा एक स्वभाव आहे. ध्यानात ठेवा, पुढे लागेल. जोरात असली तर झकास वळते. पण गॅसवरचा हात काढला, हळू झाली, की चाक कितीही फिरवा — वळत नाही! नाकासमोर सरळ जाते.

त्यातल्या एका बोटीचा मालक विश्राम तारी. तारी म्हणजे पिढ्यानपिढ्या तर चालवणारे, लोकांना या काठावरून त्या काठाला नेणारे. विश्रामदादा दणदणीत माणूस, पोट त्यांच्या आधी जेटीवर पोचायचं. स्वभाव अगदी बोटीसारखा. आपल्या जोरात असले तर हसून कुठंही वळतील. पण एकदा रुसून थांबले, की ब्रह्मदेव आला तरी वळायचे नाहीत!

धाकटा भाऊ सोमा. बोट दोघांची. दादा चाकावर, सोमा दोरीवर. एक दिवस काय झालं — एक भरभक्कम पाहुणे फोटो काढून घेता घेता पाण्यात पडले. पडायला क्षण लागला. वर घ्यायला? अर्धा तास! बोटीची बाजू उंच, गुळगुळीत. चौघांनी ओढलं. पाहुणे वर आले, पण पाहुण्यांची अर्धी चड्डी खाडीतच राहिली!

हसू नका. तुमची असती तर?

सोमाच्या मनाला ते लागलं. त्यानं आठ दिवस खपून ऐनाच्या लाकडाची चार पायऱ्यांची शिडी केली. रंधा मारला, तेल पाजलं, दादांसमोर आणून ठेवली.

"दादा, मागल्या बाजूक ही लावया. पडलेल्या माणसाक वर येवक काय तरी होया ना?"

दादांचा चेहरा असा झाला!

"शिडी? माझ्या बोटीतसून कोण पडतलो काय? पडणाऱ्याची सोय केलंस म्हणजे पाडूचीच तयारी केलंस! अपशकुन मेलो!"

आणि मंडळी, उचलली शिडी — आणि दिली खाडीत भिरकावून! ती नवी कोरी, तेल पाजलेली शिडी!

सोमानं काय केलं? उडी मारली, पोहत शिडी गाठली, तिला धरून पलीकडच्या काठाला गेला. तो गेला तो गेलाच. तिकडे बहिणीकडे राहिला. वडिलांची जुनी होडी दुरुस्त केली, तिला ती शिडी बांधली आणि तर चालवायला लागला. मधे खाडी केवढी? हाक मारली तर ऐकू येईल एवढी. पण हाक कुणी मारायची?

दादांनी घरात फर्मान काढलं. "या घरात शिडीचा नाव काढूचा नाय!" झालं! इंदुवहिनी, म्हणजे दादांची बायको, मोठी मिश्कील बाई. नारळ काढायला माणूस आला की ओसरीवरून ओरडायची, "अहो, त्यांका ता उंच लाकूड द्या!" दादा दात-ओठ खायचे. पण बोलणार काय? नाव तर काढलं नव्हतं!

पण जेवायला बसले की दादा मधूनच शेजारी बघायचे. कारण सोमा गेल्यापासून दादा जेवताना शेजारचा सोमाचा पाट उचलू देत नव्हते. पाट रिकामा, पण मांडलेला! माणसाचं हे असं असतं हो. तोंडानं फर्मान काढतो आणि हातानं पाट मांडतो.

आता आख्यानात सबनीस साहेब येतात. हे बोटीच्या कारखान्याचे इंजिनियर, घाटावरचे, चष्मेवाले, शर्ट पँटमध्ये खोचलेले. म्हणाले, "नवी बोट बनवतोय. तुम्ही मालक लोक रोज चालवता. काय सुधारणा हव्यात ते सांगा. नमुन्याची बोट तशीच करून आणतो."

आडबंदरात काहीही मागायचं तर रीत एकच. देवापुढे गाऱ्हाणं! सगळे सभामंडपात जमले. मानकरी विश्रामदादा नारळ घेऊन उभे.

"बा देवा खाडेश्वरा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. उन्हान टकली भाजतत, बोटीक बरासा छत होया रे म्हाराजा!"

सगळी सभा — "व्हय म्हाराजा!"

"हळू चालवली की बोट वळणा नाय, जेटीक लावताना भलतीकडे जाता, ता सुधार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोटात गवत अडाकता, पिशये अडाकतत. पाण्यात न उतरता वरसून साफ करूक झाकण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत मागण्या कशा? शहाण्या! जगातला कुठलाही जेट बोटवाला हेच मागेल. पण गाऱ्हाण्याला एकदा रंग चढला, की मंडळी... आपण देवळात येताना एक मागणं घेऊन येतो आणि जाताना किती मागून जातो? नवऱ्याला बढती दे, दिराला देऊ नको —

तसंच झालं! बोटीत देव्हारा होया. व्हय म्हाराजा! चहाचे ग्लास ठेवायला बारा खळगे होये. व्हय म्हाराजा! वहिनी लोकांना मोठा आरसा. व्हय म्हाराजा! आणि दादांची स्वतःची हौस — मागच्या फळीला घरातल्यासारखी चकचकीत फरशी! व्हय म्हाराजा!

आता गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचंच असतं. कुणी "थांबा म्हाराजा, जरा विचार करूया म्हाराजा" म्हणत नाही! पण सबनीस साहेबांना काय माहीत? त्यांना वाटलं, ठराव एकमतानं मंजूर! वहीत लिहीतच सुटले बिचारे.

शेवटी सगुणामावशी उठल्या. त्यांच्या दोन बोटी. "देवा म्हाराजा, मागल्या बाजूक ती... ती..." दादांनी अशी नजर रोखली! मावशी चाचरल्या. "ता... उंच लाकूड..."

"व्हय म्हाराजा!" सभा गरजली. कारण सगळ्यांना तेच हवं होतं हो! फक्त नाव काढायची हिंमत नव्हती.

साहेबांनी चष्मा वर केला. उंच लाकूड? स्वतःशीच मान हलवली आणि लिहिलं — डोलकाठी!

काय, पद गावं का आता? गाऊच. आप्पांनी काळी दोन दिली तरी मी पांढरी चारवरच म्हणणार!

*छत हवं रे, गादी हवी रे, हवा गार वारा।*
*बोट एवढीशी, मागण्यांचा केवढा पसारा॥*

...फाटला. आवाज फाटला. पाणी द्या कुणी तरी. आप्पा, हसू नका.

हं. सहा महिन्यांनी बोट आली. काय वर्णावी! वर छत, आत आरसा, बारा खळगे, मधे डोलकाठी — जेट बोटीला डोलकाठी! समुद्रपक्षी पण दोनदा वळून बघायचे. दादांनी नवा रेशमी झब्बा घातला. साहेब म्हणाले, "जॅकेट घाला." दादा म्हणाले, "झब्ब्यावर? मी तारी आसंय, साहेब! पाण्यात जन्मलंय!" बोटीला हा लांब झेंडूचा हार. सारा गाव जेटीवर. बोटीत तिघंच — दादा, इंदुवहिनी आणि वहीसकट साहेब.

निघाली! काय वळली, काय पळली! दादांनी खाडीच्या मध्यावर आणून हळू केली — तरी वळली! दादा हसले. आणि तेवढ्यात नाकावरचा हार सुटला, पाण्यात पडला आणि बोटीनं खालून गिळला! सबंध हार! इंजिन नुसतं घोंगावतंय आणि बोट जागच्या जागी!

"घाबरू नका," साहेब म्हणाले, "झाकण दिलंय!" धावत गेले. झाकण होतं. कुठं होतं? देव्हाऱ्याखाली! दोघांना जागा एकच उरली होती, म्हणून कारखान्यानं झाकणावर देव्हारा पक्का बसवला होता. आता देव हलवायचा तर भटजी हवेत, आणि भटजी जेटीवर!

दादांनी इंजिन बंद केलं. तेवढं डोकं होतं. झब्बा सावरत मागच्या फळीवर गेले, हार ओढायला वाकले... आणि फरशी कुठली? चकचकीत! आपल्याच हौसेची!

धब्बाक!

जेटीवरून आवाज आला — सवयीनं — "व्हय म्हाराजा!"

दादा वर आले. पोहणारा माणूस, बुडायचं भय नव्हतं लगेच. पण ओहोटी लागलेली. पाणी खाडीच्या मुखाकडे ओढतंय, बोट पण वाहतेय, जेटीवरच्या बोटी सोडून आणायला वेळ, झब्बा अंगाला चिकटलाय, वय पंचावन्न. हात काठाला लावला — सटकला. परत लावला — सटकला. साहेब मनगट धरून ओढायला लागले, तर साहेबच अर्धे बाहेर! वहिनींनी त्यांना पट्ट्याला धरून मागे घेतलं.

"इंदू!" दादा ओरडले. "ता दी! ता उंच लाकूड!"

वहिनी एक हात कमरेवर, दुसरा डोलकाठीवर ठेवून उभ्या. "ह्या? ह्या तर साहेबांनी बोल्टान बसवल्यानी!"

"ह्या नाय गो! ता... दुसरा!"

"काय होया ता नावान सांगा!" आता वहिनी काठावरून खाली वाकल्या होत्या, मंडळी. थट्टा संपली होती. नवरा पाण्यात दमत होता. "मी मेली किती दिवस उंच लाकूड उंच लाकूड म्हणान हसतंय. आज तुम्ही नाव काढा!"

आणि तेव्हा वल्ह्याचा आवाज आला. छप... छप... पलीकडच्या काठावरून जुनी होडी येत होती. सोमा! उभा राहून वल्हवत होता, मान खाली. होडी दोन हातांवर आणून थांबवली. मागच्या बाजूला बांधलेली चार पायऱ्यांची शिडी, उन्हापावसानं काळी पडलेली.

शिडी पुढे केली नाही. वर्षाचा राग होता, अपमान होता. त्याचं चुकलं का? सांगा! पण निघून पण गेला नाही. वल्हं पाण्यात रोवून होडी ओहोटीत धरून ठेवली त्यानं. पाणी ओढत होतं, तरी सोडली नाही.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. शिडीकडे पाहिलं. इंजिन बंद, गॅस नाही, जोर नाही, डौल नाही, झब्बा पण अर्धा निघालेला. थांबलेली जेट बोट वळत नाही, सांगितलं होतं ना तुम्हाला? पण त्या दिवशी थांबलेला विश्राम तारी वळला!

"सोम्या," तो म्हणाला, "शिडी दी रे."

सोमानं गाठ सोडली. बोटं ओली, गाठ वर्षाची जुनी, सुटता सुटेना, दातानं सोडली. शिडी पाण्यात सोडून दोन्ही हातांनी धरली. दादा एक पायरी चढले. दुसरी. तिसरीवर थांबले.

"बरी केलंस रे. घट्ट आसा."

"तूच टाकललंस ना ही? तीच आसा."

"पाट मांडललो आसा तुझो," दादा म्हणाले. "कोणी उचलूक नाय." आणि रडले हो. दणदणीत माणूस होडीत बसून लहान पोरासारखा रडला. वहिनी बोटीतून म्हणाल्या, "आता माका पण कोणतरी उतरवा!" सबनीस साहेबांनी वही उघडली, डोलकाठी खोडली आणि लिहिलं — शिडी. मागे. चार पायऱ्या. लाकूड ऐन.

आज आडबंदरात सातही बोटींना शिड्या आहेत. लोक पडतात, चढतात, पुन्हा पडतात. अपशकुन काही झाला नाही.

आता मंडळी, माझ्याकडे बघू नका, घराकडे बघा! तुम्ही घरात काय काय सुधारणा केल्या? छत केलं, फरशी केली, आरसा लावला. कुणाच्या घरातून कोण पडलंय? सून पडली असेल, मित्र पडला असेल, भाऊ पडला असेल. त्याला वर यायला काय ठेवलंय? एक पायरी? एक फोन? निदान एक "जेवलास का?" तरी? आणि पाण्यात तुम्हीच असाल, तर समोर धरलेल्या शिडीचं नाव काढायची लाज कसली?

उठा, मीच गाऱ्हाणं घालतो. बा खाडेश्वरा! ह्या लेकरांच्या घरादारांक शिडी दी रे म्हाराजा!

...वा! काय गरजलात! पण एक राहिलं. दुसऱ्यांना सांगून मी गादीवर बसून राहिलो, तर विश्रामदादा बरे.

मंडळी, गेल्या उत्सवात माझा आवाज फाटत होता. आत्तासारखाच. पांढरी चार मला झेपत नाही, दहा वर्षं झाली झेपत नाही. आप्पांनी ते ऐकलं आणि कुणाला न कळू देता पट्टी खाली घेतली, मला वर येता यावं म्हणून. शिडी लावली हो त्यांनी! आणि मी ती भर सभेत खाडीत फेकली. वर्षभर बोललो नाही.

आप्पा... काळी दोन द्या.

मंडळी, हे मी म्हटलेलं नाही, तुम्ही ऐकलंत ना? पेटीवरून आप्पांचा आवाज आला — "व्हय म्हाराजा!"