आतली जागा

अमोस : …म्हणून सांगतो पोरी, इथं बांधू नकोस बोट. या धक्क्यावर एक राजहंस येतो. गेल्या आठवड्यात त्यानं एका वकिलाचा डावा बूट गिळला. पायासकट गिळणार होता, पण मोजा आवडला नाही त्याला.

हेस्टर : काका, सकाळपासून तेरा लॉक, पाण्याच्या दारांच्या पायऱ्याच त्या, एकटीनं चढून आलेय मी. राजहंसाला घाबरायचीसुद्धा ताकद उरलेली नाही.

अमोस : मग पुढं जा की. बर्मिंगहॅमात कालव्यांना काय तोटा?

हेस्टर : कालवे ढीगभर आहेत, मुक्कामाला काठ कुठंय? पुलाखाली बांधली तर टवाळ पोरं दोर सोडून देतात. बारसमोर बांधली तर दोन वाजेपर्यंत धांगडधिंगा. गोदामांपाशी जागा होती, पण तिथला काठ माझ्या छातीइतका उंच. कुलपाचं फाटक, वर दिवा, गाडी येईल एवढा रस्ता आणि काठ बोटीच्या बरोबरीनं, असा सगळ्या शहरात हा एकच धक्का. आणि त्यावर तुमच्यासकट चार बोटी.

अमोस : तर मग माझ्या बाहेरच्या अंगाला लाव. मी काय लॉर्ड आहे नाही म्हणायला? पण रीत माहीत आहे ना? माझ्या बोटीवरून काठावर जाताना पुढच्या टोकावरून जायचं. मागून नाही, मागं मी बसतो. आणि जाता जाता खिडकीतून आत डोकवायचं नाही. माझं स्वयंपाकघर फार लाजाळू आहे.

हेस्टर : बाहेरची नको. मला आतली, काठाला लागून असलेली जागा हवी.

अमोस : वा. पाहुणीनं यायचं आणि घरच्याला पलंगावरून उठवायचं.

हेस्टर : पाच वाजता इस्पितळाची गाडी येतेय, बाबांना घेऊन. ही 'ब्रायनी' त्यांची बोट. चाळीस वर्षं राहिलेत हिच्यात. डॉक्टरांनी त्यांना इस्पितळाबाहेर एक रात्र दिलीय. एकच. खुर्चीतून उचलून एक पाऊल आत, एवढंच जमेल. मध्ये तुमची बोट ओलांडणं नाही व्हायचं त्यांच्यानं.

अमोस : एकच रात्र?

हेस्टर : त्यांनी तेवढीच मागितली.

अमोस : अगं, दिली असती मी. पण मला हलताच येत नाही. इंजिनात खारीनं पिल्लं घातलीत. सात.

हेस्टर : कालव्याच्या साहेबांनाही हेच सांगितलंत?

अमोस : त्याला घुबड सांगितलं. सरकारी माणूस, त्याला खार पुरली नसती.

हेस्टर : पाटीवर लिहिलंय, मुक्काम दोन दिवस. तुम्हाला किती झाले?

अमोस : दोनच. मधले पाच आठवडे धरले नाहीत तर.

हेस्टर : इंजिन बंद पडलंय ना, काका?

अमोस : हळू बोल. भिंतींना नसले तरी बोटीवाल्यांना कान असतात. ऑगस्टपासून बंद आहे. इथून हुसकावलं तर बोट दोरानं ओढत न्यावी लागेल, आणि माझे गुडघे इंजिनाच्या आधीच गेलेत.

हेस्टर : मी ओढते. तुम्ही फक्त दोर सोडा आणि सुकाणू धरा. तुम्हाला बाजूला काढते, 'ब्रायनी' आत घेते, मग तुम्हाला तिच्या कुशीला बांधते. इंजिनाचा विषय कुणी काढणार नाही.

अमोस : आणि मी काठावर जायचं कसं?

हेस्टर : आमच्या पुढच्या टोकावरून. खिडकीत न डोकावता.

अमोस : तुझा बाप काय शिकवायचा तुला, बोट की वकिली? घे, धर दोर. तिकडून नको, वारा तिकडचा आहे. हां. आता ओढ. गाय ओढतेस तशी नाही, पाळणा ओढतेस तशी.

(साडेपाच. दोन्ही बोटी शेजारी शेजारी. इस्पितळाची गाडी परत गेली आहे. हेस्टरचे वडील, सिरिल, 'ब्रायनी'तल्या पलंगावर; अमोस शेजारी आपल्या बोटीवर, खिडकीपाशी.)

सिरिल : दोर कुणी बांधला?

हेस्टर : मी. का बाबा?

सिरिल : घट्ट झालाय. इथल्या लॉकची दारं गळतात. सकाळपर्यंत पाणी वीतभर उतरलं की बोट दोरांना लटकणार आणि मी घरंगळत तुझ्या चहात.

हेस्टर : सैल करते. अजून काय चुकलं माझं?

सिरिल : सांगतो, दमानं. ही खिडकीत हिरवी भिंत कसली?

अमोस : भिंत नाही साहेब, माझी बोट आहे, 'पेशन्स'. मी अमोस पार्जिटर, तुमचा शेजारी.

सिरिल : आमच्यासाठी बाहेर सरकलात म्हणे.

अमोस : छे, मला बाहेरच बरं. हवा असते. शिवाय या बाजूनं माझा मासा येतो. सहा फुटी आहे. कुणाच्या तरी हातून पडलेलं, लॉक उघडायला फिरवतात ते हँडल त्यानं गिळलं, तेव्हापासून तो वळला की वरच्या लॉकची दारं आपोआप उघडतात.

सिरिल : ओळखतो त्याला. हँडल माझंच होतं. एकोणऐंशी साली हात घालून काढून घेतलं परत.

अमोस : मग… दुसरं गिळलं असेल.

सिरिल : असेल. हावरटच होता. आईवर गेला होता.

हेस्टर : काका, आता तुमची पाळी.

अमोस : माणूस मोठा आहे तुझा बाप. बोलू दे त्याला.

सिरिल : हेस्टर.

हेस्टर : काय हवंय?

सिरिल : पाणी दिसत नाही मला. तिथं इस्पितळात पलंगावरून गाड्या दिसतात. नुसत्या गाड्या.

हेस्टर : बाबा, दुसरा काठच नव्हता रे. सगळं शहर पालथं घातलं मी. खिडकीसमोर काकांची बोट येईल, हे माझ्या लक्षातच नाही आलं.

सिरिल : असू दे. आवाज येतोय.

अमोस : असू दे काय? थांबा जरा. पोरी, माझे दोन्ही दोर सैल सोड. अजून. अजून सोड गं, पळून जातोय का मी? आता मी ही लांब काठी मधे आडवी धरून बांधतो, म्हणजे बोट परत चिकटणार नाही. झालं. हातभर पाणी निघालं मधे.

हेस्टर : पण एवढ्या अंतरावरून तुम्ही काठावर कसे येणार? तुमचे गुडघे…

अमोस : काठावर काय ठेवलंय माझं? सकाळी बघू. माझा कंदील या बाजूच्या खिडकीत ठेवतो. साहेब, आता बघा.

सिरिल : थोडा खाली घ्या. अजून. हां.

हेस्टर : दिसलं?

सिरिल : छतावर बघ. पाणी हलतंय.

हेस्टर : थांब, खिडकीतून पाण्याला हात पोचतो का बघते. पोचला. बाप रे, गार आहे.

सिरिल : पुसू नकोस. दे हात इकडे.