दिव्याला पडदा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, आईने मला स्वयंपाकघरात उभं करून, हातात कात्री असताना, "यातला शब्द बाहेर गेला तर बघ" असं बजावलंय, पण तुम्हीच सांगा, जी मुलगी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणते की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या होतात, तिने आयुष्यात एकदाच काहीतरी धाडस करावं आणि तेही पोटात ठेवावं, हा कुठला न्याय... जाऊ दे. आधी बाबांचं सांगते, कारण जो तो बाबांनाच नावं ठेवतो.

तर माझे बाबा वाचनालयात काम करतात. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि सगळ्या गावात ती पाटी पाळणारा एकच माणूस आहे. बाबांना शिंक आली की ते जिना उतरून रस्त्यावर जातात, शिंकतात आणि परत येतात. बँकेच्या दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं ना, ते दार उघडंच असलं तर बाबा आधी ते ओढून लावून घेतात आणि मग ढकलतात. सांगितलेलं ऐकायचं, हा त्यांचा धर्मच. आता सांगा, यात बाबांचं काय चुकलं?

आमच्याकडे गाडी आली ती आईच्या धंद्यासाठी. आई पडदे शिवते, आणि नुसते शिवून देत नाही, घरी जाऊन दांडे ठोकून, चुण्या सारख्या करून लावूनही देते. आता चार हात लांबीचे दांडे बसमध्ये घेऊन चढायचं म्हणजे कुणाचा तरी चष्मा गेलाच. म्हणून गाडी. गाडी बाबा चालवतात, दांडे मागच्या काचेतून बाहेर डोकावतात आणि मी त्या दांड्यांच्या खाली बसते.

एके दिवशी समोरच्या काट्यांच्या खाली एक लाल दिवा लागला. छोटीशी झारी, आणि तिच्या तोंडातून पडणारा एक थेंब. बाबांनी गाडी तशीच शोरूमला नेली. शोरूम म्हणजे काय सांगू, फरशी अशी चकचकीत की आपलाच चेहरा खालून आपल्याकडे संशयाने बघतो. तिथे एक टायवाला होता. त्याच्या कानात कायम ते फोनचं बोंड. त्यामुळे तो कुणाशी बोलतोय हे देवालासुद्धा कळायचं नाही. "या सर, बसा सर," असं तो म्हणाला म्हणून बाबा बसले, तर ते फोनवरच्या सरांना होतं. "गाडी काळी ना?" असं त्याने विचारलं, बाबा म्हणाले, "नाही हो, पांढरी," तर तेही फोनवरच्यांना. शेवटी बाबांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं आणि म्हणाले, "अहो, लाल दिवा लागतोय."

टायवाल्याने गाडीकडे मानसुद्धा वळवली नाही. "सेन्सरचा प्रॉब्लेम असतो सर, दुर्लक्ष करा."

बाबांनी विचारलं, "किती दिवस दुर्लक्ष करू?"

"कायमचं सर."

झालं. दुसरा कुणी असता तर हो हो म्हणून विसरून गेला असता. पण बाबांना काम सांगितलं होतं ना, दुर्लक्ष करायचं. आणि ते त्यांना जमेना. गाडी चालवताना डोळा सारखा त्या झारीकडे. मग स्वतःवरच चिडायचे. आईने विचारलं तर म्हणाले, "एवढं साधं काम दिलंय त्यांनी, माझ्याच्याने होत नाहीये."

आई म्हणाली, "थांबा." आणि तिने त्या दिव्याला पडदा शिवला.

हसू नका. खरा पडदा. नखाएवढा, पण तीन चुण्या, वर काठ, आणि आतून काळं अस्तर, कारण अस्तराशिवाय पडदा शिवला तर आईला झोप लागत नाही. दोन थेंब डिंक लावून तो झारीवर चिकटवला. बाबांचा जीव भांड्यात पडला. आता सांगा, यात बाबांचं काय चुकलं?

चुकलं ते इंजिनाचं. नव्या दवाखान्याचं काम मिळालं होतं, सगळ्या खोल्यांचे पडदे, आईला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम. मापं घेऊन येताना चढावर गाडीने घशात सुपारी अडकल्यासारखा आवाज केला आणि जी बसली ती बसलीच. ओढून शोरूमला नेली. दोन दिवसांनी निरोप आला, तेल गळून गेलं होतं, इंजिन जाम झालंय, नवं बसवावं लागेल आणि खर्च तुमचा.

"वॉरंटी आहे की," बाबा म्हणाले.

"आहे ना सर, पण तुम्ही दिवा झाकलाय."

त्या खर्चाचा आकडा मी सांगत नाही, तुमचा दिवस कशाला घालवू. एवढंच सांगते की रात्री आई शिलाई मशीनवरून हात फिरवत म्हणाली, "ही विकली तर निम्मं सुटेल." मग दवाखान्याचे पडदे कशावर शिवायचे, दातांनी? आणि वेळेत नाही दिले तर ते काम दुसऱ्याला जाणार.  बाबा नुसते मशीनचं झाकण पुसत बसले.

शनिवारी आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत. काचेची खोली. साहेब म्हणजे शोरूमचे मोठे. टेबलावर आईचा पडदा ठेवलेला, पुरावा म्हणून. साहेबांनी तो पेनाच्या टोकाने उचलला, उलटा केला.

"याला अस्तर आहे?"

"आहे," आई म्हणाली. "तुमच्या खिडक्यांना नाहीये, ते बघतेय मी मघापासून."

"बाई, हा निष्काळजीपणा आहे."

"तीन चुण्या आहेत त्याला. निष्काळजी माणूस एक घालतो."

बाबा म्हणाले, "अहो, तुमच्याच माणसाने सांगितलं, दुर्लक्ष करा. मी केलं. जमत नव्हतं तरी केलं."

साहेबांनी टायवाल्याला आत बोलावलं. तो आला, छातीवर हात ठेवला. "सर, मी? लाल दिव्याकडे दुर्लक्ष करा म्हणेन? सर, मी मुलाबाळांचा माणूस आहे."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि म्हणाले, "कदाचित माझ्याच ऐकण्यात..." ऐकलंत? माझे बाबा हे. समोरचा धडधडीत खोटं बोलतोय आणि हे त्याला खुर्ची सरकवून देतायत. आईचा चेहरा पडला. मशीन गेली, असं मला वाटलं.

आणि तेव्हा मला भिंतीवरची पाटी दिसली. बाबांची मुलगी ना मी, मला आधी पाट्याच दिसतात. 'प्रत्येक फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचला. हुकुमावरून.' खाली साहेबांची सही. टायवाल्याच्या कानात बोंड होतंच. आणि काचेपलीकडे, काउंटरच्या वर, 'आम्ही सदैव आपल्या सेवेत', त्याखाली हा मोठा नंबर, म्हणजे याच्याच कानात वाजणारा. आईचा फोन माझ्याच हातात होता.

"पाणी पिऊन येते," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, नेहमीसारखंच.

आता एक गोष्ट फक्त आमच्या घरात माहीत आहे. मला बाहेर आवाज फुटत नाही, पण घरात मी सगळ्यांचे आवाज काढते. आमच्या मुख्याध्यापिकांचा तर असा काढते की आई पदर सावरते. पाण्याच्या टाकीआड उभी राहिले आणि नंबर लावला. काचेतून दिसलं, टायवाल्याने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी पाटीकडे, आणि त्याने फोन घेतला.

"हे पहा," मी म्हणाले, नाकातून, "मी शाळेची मुख्याध्यापिका बोलते आहे. माझ्या मोटारीत एक लाल दिवा लागला आहे. झारीचा. आणि मला उत्तर एका वाक्यात हवं आहे."

एका कानात मला त्याचा आवाज येत होता आणि डोळ्यांना काचेतून त्याचं तोंड दिसत होतं. विचार न करता, छातीवरचा हातसुद्धा न काढता तो म्हणाला, "सेन्सरचा प्रॉब्लेम असतो मॅडम, दुर्लक्ष करा."

 साहेबांच्या हातातून तो चिमुकला पडदा टेबलावर पडला. आईने हळूच मान वळवून टाकीकडे बघितलं आणि पदर सावरला.

मी आत गेले तेव्हा साहेब म्हणत होते, इंजिन आम्ही बसवून देऊ, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही. संपलं ना सगळं? उठावं, नमस्कार करावा, निघावं. पण बाबा उठेनात.

"आणि त्या बाईंचं काय?"

"कुठल्या बाई?" साहेब म्हणाले.

"ज्यांचा आत्ता फोन आला. बिचाऱ्या गाडी चालवतायत. त्यांचं इंजिन जाईल. आधी त्यांना कळवा."

आई म्हणाली, "अहो, कळवतील ते, चला."

"माझ्यासमोर कळवा," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला हुकूम करत होते, आणि कुठे, तर इथे. टायवाल्याने नंबर फिरवला. माझ्या मुठीत आईचा फोन थरथरायला लागला. मी परत पाणी प्यायला धावले. "हे पहा, मोटार मी केव्हाच उभी केली आहे," मी सांगितलं, "तुमच्यावर विश्वास ठेवायला मी काही खुळी नाही." आत बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. आजही ते अधूनमधून म्हणतात, त्या बाई भल्या, हुशार निघाल्या. कारण बाबांना ठाऊकच नाही हो. कळलं तर ते उद्या सकाळी साहेबांपुढे उभे राहतील आणि इंजिन काढून घ्या म्हणतील. आता सांगा, यात... नाही, यात मात्र माझं काय चुकलं?

टायवाल्याला गाड्या धुवायच्या विभागात पाठवलंय, तिथे दिवे नसतात. दवाखान्याचं काम आईकडेच राहिलं. सगळं छान झालं असतं, पण निघताना साहेब बाबांना म्हणाले, "यापुढे दिवा लागला की इंजिन बंद करायचं, चालू करायचं नाही."

बाबांनी विचारलं, "कुठलाही दिवा?"

आईने डोळे मिटून घेतले. पण साहेबही पोळलेले होते ना. म्हणाले, "कुठलाही."

आज दवाखान्यात पडदे लावायचेत. गाडी भरून दारात उभी आहे, इंजिन कोरं, तेल काठोकाठ. फक्त एवढंच की दांडे पुढच्या सीटवर टेकले की गाडीला वाटतं माणूसच बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून दिवा लागतो, आणि दिवा लागला की बाबा...

आले, बाबा, आले. हो, मागून लावते जोर.

नाही, ढकलायचं काही विशेष नाही, सवय झालीय, दवाखाना तसा उताराकडेच आहे, फक्त मधल्या चढावर आईलाही उतरून हात लावावा लागतो, आणि तेव्हा ती बाबांना जे म्हणते ते तर मी तुम्हाला मेले तरी