रश्श्याची सरासरी

हसू नका, पण पांढरा रस्सा समोर आला की मला एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा आठवते. सत्त्याण्णव साल असंल. पॉलिमर, म्हंजे प्लास्टिकचं रसायन, हा माझा विषय. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मोलर मास डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय? सोप्या भाषेत सांग."

मी फळ्यावर एक आलेख काढला, पुसला, परत काढला. ते म्हणाले, "चला, आधी जेवून घेऊ."

खानावळीत आम्ही चौघं. परीक्षक, माझे गाईड, लॅबमधला तानाजी आणि मी. जेवण संपत आलं आणि मला एकदम सुचलं.

"सर, आपल्या चौघांत रश्श्याच्या बारा वाट्या संपल्या. माणशी सरासरी तीन. पण तीन वाट्या कुणीच प्यायलं न्हाय. प्लास्टिकचं तसंच हाय की! त्यात रेणूंच्या साखळ्या असतात, काही आखूड, काही लांबलचक. नुसत्या सरासरीवरनं ते कळत न्हाय; कुठल्या लांबीच्या किती, ही वाटणी म्हंजेच डिस्ट्रिब्युशन."

"छान! मग इथं कुणी किती घेतल्या?"

"आम्ही तिघांनी एक-एक."

"आणि उरलेल्या नऊ?"

टेबलाखालनं गाईडची लाथ बसली. पावण्याच्या वाट्या मोजायच्या नसतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी कळतं. पण तोंडातनं निघून गेलंच, "रश्श्यालाच विचारा, सर. तो म्हणंल, मी बहुतेक सगळा एकाच पोटात गेलो."

गाईड खाली मान घालून पाणी पीत राहिले. परीक्षकांनी शांतपणे मिशी पुसली आणि आपली रिकामी वाटी माझ्यापुढं सरकवली.

"पास आहेस. आता अजून एक मागव, तुझी सरासरी जरा बिघडू दे."