परक्याचं फूल

मागच्या वर्षी आईला क्रूझवर नेलं होतं ना, तेव्हाची गोष्ट. इटलीत बोटीवरून उतरून डोंगरावरच्या एका गावात गेलो. पायऱ्या आणि वर घंटा दिसताच आईने खालीच चपला काढल्या, वणीच्या गडावर काढते तशा.

"आई, इथे कोणी असं करत नाही," मी म्हटलं. ती अनवाणीच चढली.

वर देऊळबिऊळ नव्हतं, कब्रस्तान होतं. एक म्हातारी कबरीवरच्या एका फोटोला फुलं वाहत होती. आईचे अनवाणी पाय बघून तिने आईलाही एक फूल दिलं. आईने ते त्याच फोटोपुढे ठेवलं.

"आपला कोण लागतो तो?"

"कोणी नाही. तुझे बाबा कोरोनात गेले, तेव्हा आपल्याला जवळ जाऊ दिलं नाही. त्यांना फूल वाहिलंच असेल, तर अशाच कोणी परक्याने."