उणे एक क्विंटल कापूस

मला सांगा, भरवसा कोणावर ठेवावा, काट्यावर की काट्याच्या कॉम्प्युटरवर? सिंदीच्या आमच्या कापूस खरेदीच्या दुकानातल्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम जावईबापूंनी सी भाषेत लिहिला होता. जुन्या डॉसवर वजन वाचता आलं नाही, की त्यातली लायब्ररी, म्हणजे काट्यावरून वजन वाचून प्रोग्रॅमला देणारा भाग, सगळंच बंद पाडायची. विंडोज आलं तेव्हा त्यांनी ती सुधारली. चूक झाली तरी बंद पडायचं नाही, चुकीची खूण म्हणून प्रोग्रॅमला फक्त उणे एक कळवायचं.

दुसऱ्याच दिवशी काट्याची वायर निसटली आणि अल्लीपूरच्या एका शेतकऱ्याच्या कापसानं भरल्या बैलबंडीचं वजन आलं उणे एक क्विंटल.

"सेठ, म्हंजे कापूस देऊन वरून क्विंटलभर मीच देनं लागतो काय?" म्हणत त्यानं बैल समोरच्या दुकानाकडे वळवले.

जावईबापू शांतपणे म्हणाले, "मामाजी, लायब्ररीनं चूक बरोबर सांगितली. प्रोग्रॅमनं ऐकली नाई."

प्रोग्रॅम कोणाचा, हे जावयाला कसं विचारणार? मी चहा मागवला.

तुम्ही दुकान टाकताय म्हणून सांगतो, ज्याला त्याची चूक आपल्याला तोंडावर सांगता येते त्याच्याकडूनच प्रोग्रॅम लिहून घेजा, अन् हिशेब इमानानं ठेवजा.